अमृतवाहिनीची पंगत

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. प्रवरा नदीपाशी या म्हणीची दुहेरी पंचाईत होते. कारण हिच्या मुळाशीच एक ऋषी ठाण मांडून बसले आहेत. अगस्ती मुनींनी केवळ पाणी आणि वारा यांवर राहून वर्षभर तप केले, शंकर प्रसन्न झाले आणि त्यांनी गंगेची एक धार मुनींना दिली. तीच ही प्रवरा, असे अकोल्याची मंडळी सांगतात. हे अकोले सह्याद्रीच्या कुशीतले, अहिल्यानगर जिल्ह्यातले. वऱ्हाडातले अकोला नव्हे. तेथे नदीकाठी अगस्तींचे देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

दुसरी कथा याहून रंगतदार आहे. देवदानवांनी मिळून समुद्र घुसळला, अमृत वर आले आणि वाटणीवरून तंटा लागला. विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, दोन पंगती बसवल्या आणि एका पंगतीला अमृत, दुसरीला नुसते गोड हसू, असे वाढप सुरू केले. राहूला संशय आला. तो हळूच उठून देवांच्या पंगतीत जाऊन बसला. घोट गळ्याखाली उतरतो न उतरतो तोच सूर्यचंद्रांनी चहाडी केली आणि विष्णूने त्याचे मस्तक उडवले. त्याच्या कंठातून जे अमृत ओघळले त्याची नदी झाली. म्हणून प्रवरेचे दुसरे नाव अमृतवाहिनी. राहूची आठवण राहुरी गावाच्या नावात राहिली, असे लोक म्हणतात. आणि पंगत बसली ती नेवाशाला. तेथे मोहिनीराजाचे अठराव्या शतकातले कोरीव दगडी देऊळ आजही उभे आहे.

वाचकहो, कुठे भगीरथाच्या तपाने नदी अवतरते, कुठे कावळ्याच्या धक्क्याने कमंडलू लवंडतो आणि नदी वाहू लागते. प्रवरेची कथा मात्र वाटणीची आहे. घुसळण्याचे श्रम दोघांचे, पंगती दोन, आणि पळीभर अमृतासाठी मान गमावलेला एक पाहुणा. या लहानशा नदीचा इतिहास चाळू लागले, की तो सारा पुराणिकाने आधीच सांगून ठेवला होता की काय, असे वाटू लागते.

प्रवरा ही गोदावरीची उपनदी. लांबी जेमतेम दोनशे किलोमीटर. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर कुलंग आणि रतनगड या दोन किल्ल्यांच्या दरम्यान ती उगम पावते. रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी नावाचे छोटेसे गाव आहे आणि तेथे अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. शिलाहार राजा झंझ याने ते बांधले, अशी परंपरा आहे. देवळाशेजारी कोनाड्यांनी वेढलेली एक देखणी पुष्करणी आहे. पावसाळ्यात ही देवळे, ही खाचरे, सारे धुक्यात बुडून जाते आणि डोंगराच्या कड्याकड्यावरून पांढऱ्या धारा लोंबू लागतात.

या डोंगराने पाण्याची वाटणी पहिल्यांदा केली. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब थोड्याच वेळात कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. त्याच ढगातला, पण कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेत येतो, प्रवरेतून गोदावरीत जातो आणि सारे दख्खन पालथे घालून बंगालच्या उपसागराला मिळतो. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला चांगल्या साली पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला चालू लागा. अकोल्याला तो कितीतरी उणा होतो आणि संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या बाजूला पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. एकीकडे पानावर वाढलेले खपत नाही आणि दुसरीकडे वाढपी फिरकतच नाही! मधली ही नदी म्हणजे पहिल्या पंगतीतले उरलेले दुसऱ्या पंगतीकडे नेणारी एकुलती एक वाट.

उगमापासून काही कोसांवर नदी रंध्याला येते आणि तेथे दीडशे फुटांहून अधिक खोल दरीत उडी घेते. याच परिसरात कळसूबाईच्या बाजूची कृष्णवंती तिला येऊन मिळते. पुढे डोंगर मागे सरतात, खोरे रुंदावते, अकोले येते. संगमनेरच्या अलीकडे आढळा आणि संगमनेरला म्हाळुंगी येऊन मिळते; गावाचे नावच संगमावरून पडले. हे जुने नामांकित गाव. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांची मोगलांशी येथेच गाठ पडली, आणि बहिर्जी नाईकांनी दाखवलेल्या आडवाटेने महाराज पट्टागडावर सुखरूप पोहोचले. फटक्यांनी महाराष्ट्राला शहाणपण शिकवणारे अनंत फंदीही या संगमनेरचेच.

संगमनेरच्या पुढे नदी पठारी होते. जोर्वे, आश्वी, लोणी, कोल्हार, बेलापूर अशी गावे घेत काळ्या रानातून ती संथ जाते. नेवाशाच्या अलीकडे तिला मुळा मिळते. ही मुळाही हरिश्चंद्रगड आणि रतनगड यांच्या मधल्याच डोंगरातली. म्हणजे दोघी एकाच माहेरच्या, पण वाटा निराळ्या धरून कित्येक कोसांनी भेटणाऱ्या बहिणी. शेवटी टोके येथे प्रवरासंगमावर ही अमृतवाहिनी गोदावरीच्या ओटीत स्वतःला रिकामी करते.

आता या काठावर माणूस केव्हापासून राहू लागला ते पाहू. १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी जोर्वे येथे उत्खनन केले. तांबूस रंगाची, वर काळ्या रेषांची नक्षी काढलेली भाजकी भांडी मिळाली. लांब तोटीचे तांबडे गडू मिळाले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. अशीच भांडी पुढे तापी, गोदावरी, भीमा यांच्या खोऱ्यांत दोनशेहून अधिक ठिकाणी सापडली आणि त्या साऱ्या संस्कृतीला पुरातत्त्वाच्या जगात ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव मिळाले. ज्या गावाचे नाव तालुक्याबाहेर कोणी घेत नव्हते, ते जगभरच्या विद्वानांच्या तोंडी बसले.

नेवाशाच्या उत्खननात, १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात, तर एकाच टेकाडात थरावर थर निघाले. अश्मयुगातली दगडी हत्यारे, तांब्याच्या युगातली घरे, सातवाहनांच्या काळात रोमन व्यापारातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे, काचेच्या बांगड्या. पण मनाला चटका लावतात ती लहान मुलांची दफने. दगावलेल्या मुलाला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीतच पुरायचे, अशी त्या लोकांची रीत होती. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. माळेचा दोरा तांब्याच्या गंजाने टिकून राहिला होता. तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम निघाले. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी एका आईने आपल्या लेकराच्या गळ्यात रेशमात ओवलेली माळ तशीच राहू दिली, एवढे आपल्याला कळते. तिचे नाव कळत नाही, भाषा कळत नाही; पण माळ कळते.

याहूनही जुने ठाणे म्हणजे दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातले हे टेकाड १९५८ साली उजेडात आले. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना चार धातुशिल्पे सापडली. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण पुष्कळांच्या मते ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. आज जेथे फेब्रुवारीत विहिरींचा तळ दिसतो तेथल्या कारागिराला गेंडा ठाऊक होता, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आणि मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हा काठ ओस पडला. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, सारी गावे उठली. भीमेच्या खोऱ्यात इनामगावासारखी वस्ती आणखी दोन-तीनशे वर्षे तग धरून राहिली, प्रवरेकाठी मात्र चूल पेटेना. पाऊसमान घटले, दुष्काळामागून दुष्काळ आले, शेती हटली, असे पुष्कळ संशोधक मानतात. उगमाशी तेव्हाही पाऊस धो धो कोसळत असणार. पण चार महिन्यांत तो वाहून जाई, आणि तो धरून ठेवण्याची, पुरवून खाण्याची युक्ती या लोकांपाशी नव्हती. पानात पडेना म्हणून एक अख्खी पंगत उठून गेली, ती अशी.

नेवासे पुन्हा वसले, मोठे झाले. १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, येथेच ज्ञानदेवांनी गीतेवरचे आपले निरूपण पुरे केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्या दगडी खांबाला टेकून त्यांनी ते सांगितले असे आपण मानतो, तो पैसाचा खांब गावाच्या शिवारात उभा आहे. दुर्गाबाई भागवतांनी याच खांबावर लेख लिहिला आणि १९७० साली निघालेल्या आपल्या पुस्तकाला ‘पैस’ हेच नाव दिले. खांबावर एक जुना कोरीव लेख आहे. देवाच्या दिव्याला तेल कमी पडू नये म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद. आपल्या मागे दिवा तेवत राहावा, याची तजवीज करून ठेवणारा कोणी तरी या काठावर होता. ज्ञानदेवांनी ग्रंथाच्या शेवटी मागितलेले पसायदानही त्याच वळणाचे. त्यात पंगत एकच आहे, आणि तिच्यात खळांनाही उठवलेले नाही; ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असे मागणे आहे. मोहिनीच्या गावात बसून मागितलेले हे दान!

तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना न सापडलेली युक्ती विसाव्या शतकाने शोधली. ओझर येथे बंधारा घालून पाटाचे पाणी काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकातच झाला होता. पण बंधारा वाहत्या पाण्याला वळवतो, साठवत नाही. नदीच आटली की पाटही कोरडा. म्हणून वर डोंगरात, भंडारदऱ्याला, १९१० साली धरणाचे काम सुरू झाले. सोळा वर्षे ते चालले. दगडाला दगड बसवून पायापासून २७० फूट उंचीची भिंत उभी राहिली आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. ११ अब्ज घनफूट पाणी तेथे साठू लागले. आपण हल्ली ज्याला टीएमसी म्हणतो तो म्हणजे एक अब्ज घनफूट. १९६९ साली भिंतीत तडे दिसले, तेव्हा पाठीमागून टेकू बांधून ती सावरण्यात आली. भिंत आजही उभी आहे आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी तिच्यावरून उडणारे तुषार बघायला गर्दी करतात.

पण या जलाशयाच्या तळाशी काय आहे, ते फारसे कोणी विचारत नाही. हे खोरे महादेव कोळी आणि ठाकर यांचे. याच मुलखातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारशाहीविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्या लोकांची भातखाचरे पाण्याखाली गेली. ज्यांच्या डोक्यावर पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यांच्याच बायकांना उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट करावी लागे. पाणी त्यांच्या दारावरून खाली गेले, दारात मात्र थांबले नाही.

खाली काय झाले? ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि जेथे बाजरी कशीबशी हाताला लागत असे तेथे ऊस डोलू लागला. शेजपाळी, आवर्तन, पाटकरी, चारी हे शब्द घरोघर गेले. सासवडचे माळी उसाच्या शेतीचे कसब घेऊन आले आणि त्यांनी खंडाने जमिनी केल्या. हरेगावला खाजगी कंपनीचा साखर कारखाना निघाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, अमृत आले! कालव्यावरच्या शेतकऱ्याचे पुस्तक मात्र वेगळे बोलत होते. पाणीपट्टी भरायची, खत आणायचे, त्यासाठी सावकाराचे कर्ज काढायचे आणि गूळ तयार झाला की पेठेतला भाव कोसळलेला. शेत हिरवे आणि शेतकरी वाळलेला, अशी ही तऱ्हा. पाणी त्याच्या रानात आले होते, पण पाण्याचा पैसा दुसऱ्याच पंगतीत वाढला जात होता.

तेव्हा राहू जसा उठला तसे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील उठले. फरक एवढाच, की ते एकटे उठले नाहीत. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागाइतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःचाच साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे बळावला. विठ्ठलराव गावोगाव हिंडले. कर्जात बुडालेल्या माणसाकडे भागाचे पैसे मागायचे, हे काही सोपे काम नव्हे. तरी पैसे जमले, वैकुंठभाई मेहतांसारख्यांनी पाठबळ दिले, गाडगीळ स्वतः कारखान्याचे अध्यक्ष झाले, आणि १९५० साल सरता सरता लोणीच्या माळावर प्रवरा कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीचा तो श्रीगणेशा. पुढे त्या नमुन्यावर किती कारखाने निघाले, त्यांच्या सावलीत शाळा, महाविद्यालये, दवाखाने कसे उभे राहिले आणि त्यांतून केवढे राजकारण पिकले, ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

पंगतीचा एक नियम आहे. बसलेल्याला जागा सोडवत नाही. उसाने पाणी भरपूर मागितले आणि भरपूर घेतले. कालव्याच्या तोंडाशी बागाईत, शेपटाशी जिराईत, ही गोष्ट जुनी. शेजपाळीत शेवटाकडून मुखाकडे पाणी देत यावे, असे कागदावर आहे. कागद वाळलेला राहतो तो उगाच नव्हे. शिवाय दोन्ही कालव्यांच्या टप्प्याबाहेर, अकोले-संगमनेरच्या उंचावरच्या शिवारात, कित्येक गावे नदी डोळ्यांनी पाहत कोरडीच राहिली. त्यांच्यासाठी १९७० साली आणखी एक धरण मंजूर झाले. जागा बदलत, खर्च वाढत, ते रंध्याच्या खाली निळवंडे येथे साकारले. मंजुरीच्या साली पाळण्यात असलेली मुले आजोबा झाली, तेव्हा कुठे २०२३ साली त्याच्या कालव्यातून पाणी वाहिले. पहिले पाणी आले तेव्हा गावोगाव बायांनी त्याची ओटी भरली, यात नवल काय?

तोवर तिसरी पंगत येऊन दारात उभी होती. प्रवरासंगमाच्या खाली पैठणला जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची कोनशिला बसवली आणि १९७६ साली ते पुरे झाले. त्याच्या नाथसागराचा फुगवटा संगमापर्यंत येतो. मराठवाड्याची शेते, गावे आणि छत्रपती संभाजीनगरसारखी शहरे त्या पाण्यावर जगतात. पण वरच्या अंगाला भंडारदरा, निळवंडे आणि मुळेवरचे २६ टीएमसींचे धरण भरून उरेल तेव्हाच नाथसागराला मिळणार. आणि पाऊस कमी झाला की उरत नाही. २००५ साली राज्याने जलसंपत्तीच्या नियमनाचा कायदा केला. खोऱ्यातील पाणी सर्वांना सारखे मिळावे, टंचाईची झळही सर्वांनी वाटून घ्यावी, असे त्यात आले. २०१४ साली प्राधिकरणाने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याविषयी आदेश दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ साली तेथेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले गेले. २०२३ चा पावसाळा उणा गेला. ज्या साली निळवंड्याच्या कालव्यांनी पहिल्यांदा पाणी पाहिले, त्याच सालच्या नोव्हेंबरात खाली जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागले. वरच्या गावांनी आंदोलने केली, खालच्या गावांनीही केली. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि हेच या भांडणाचे दुःख आहे.

नदीने आपले काम कधी चुकवले नाही. ती दर श्रावणात रतनवाडीहून निघते आणि जेवढे हाती आहे तेवढे घेऊन पूर्वेला चालू लागते. जोर्वेच्या लोकांपुढे प्रश्न होता तो पाणी टिकवण्याचा. तो आपण सोडवला. आपल्यापुढचा प्रश्न वाटणीचा आहे, आणि त्याला दगडाची भिंत पुरत नाही. रतनवाडीची ठाकरीण, लोणीचा ऊसवाला, शेपटाकडच्या चारीवरचा जिरायतदार आणि पैठणच्या खालचा कापूसवाला यांना एका पंगतीत बसवायचे, आणि वाढताना कोणाच्या पानाकडे डोळेझाक करायची नाही, हे मोहिनीलाही जमलेले नाही.

नेवाशाला गेलात तर मोहिनीराजाचे दर्शन जरूर घ्या. मग तेथून थोडी वाट वाकडी करून पैसाच्या खांबापाशीही जा. एकाच गावात, एकाच नदीच्या काठी, वाढपाच्या दोन्ही रीती उभ्या आहेत. यंदाच्या फराळाचे ताट शेजारच्या घरी पोहोचवताना आपण त्यांतली कोणती रीत पाळतो, ते सांगायला नकोच. पाण्याच्या बाबतीतही तीच पाळता आली, तर प्रवरेला अमृतवाहिनी म्हणताना आपला आवाज थोडा मोकळा होईल.